सण, पवित्र चित्र आणि कामगाराचे घर

इसवी सन ६०० च्या सुमारास मार्सेलिसचे बिशप सेरेनस यांनी आपल्या मंदिरांतील चित्रे नष्ट केली. लोक त्यांची पूजा करू लागले होते, हे त्याचे कारण. पोप थोर ग्रेगरी यांनी त्यांना पत्रे लिहिली. चित्रांची पूजा होऊ नये ही चिंता त्यांनी रास्त मानली. परंतु ज्यास अक्षरज्ञान नाही तो ग्रंथात जे वाचू शकत नाही ते चित्रात पाहतो, म्हणून चित्रे मोडणे त्यांनी अयोग्य ठरविले. पुढे ७८७ मध्ये निकेया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने प्रतिमेस दिलेला मान मूळ व्यक्तीस पोहोचतो हा सिद्धान्त निश्चित केला.

हा जुना प्रश्न कडोदऱ्यासारख्या ठिकाणी आजही आपल्यापुढे उभा राहतो. सुरतेजवळच्या या गावाच्या परिसरात साड्यांच्या कापडावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्या आहेत, आणि खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे सुरतेच्या आसमंतात पोट भरतात. पाळीवर जाणाऱ्या ख्रिस्ती कामगाराला सणाच्या दिवशीही उपासनेस येणे साधतेच असे नाही. अशा वेळी खोलीच्या भिंतीवरील चित्र हेच त्या घराचे सणाचे स्थान होते. ते चित्र बोलके ठेवावयाचे की मुके, हे आपल्या हाती आहे.

थोर चित्रे पुष्कळदा नित्याच्या जीवनासाठीच निर्माण झाली. लिओनार्दोने १४९५ ते १४९८ च्या सुमारास रंगविलेले शेवटचे भोजन मिलान येथील मठाच्या भोजनगृहात आहे. मठवासी रोज त्यासमोर जेवत असत. पवित्र गुरुवारचे रहस्य असे दररोजच्या भाकरीपाशी आले. त्याच चित्राच्या स्वस्त प्रती आज आपल्या घरोघरी दिसतात.

चित्रांचा हा प्रवास आपल्या प्रदेशालाही परका नाही. अकबराच्या निमंत्रणावरून नोव्हेंबर १५७९ मध्ये गोव्याहून निघालेले जेज्विट धर्मगुरू रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे सोबती दमण आणि सुरत या मार्गाने जाऊन १५८० च्या फेब्रुवारीअखेरीस फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. तेथील त्यांच्या प्रार्थनामंदिरात रोमच्या सांता मारिया माज्जोरे मंदिरातील सुप्रसिद्ध मरियाचित्राची प्रत होती, आणि बादशहाने तिचे आदरपूर्वक दर्शन घेतले. पुढे मोगल चित्रकारांनी पवित्र मरिया व बाळ येशू यांची चित्रे आपल्या शैलीत रेखाटली.

तथापि आपल्या रूपातील चित्र आपल्याच माणसांनी स्वीकारणे सोपे नसते. गोव्यात १९०२ मध्ये जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या सहवासात शिकले. त्यांनी मरिया मातेला साडी नेसविली, तिला भारतीय चेहरा दिला. त्याबद्दल गोव्यात त्यांच्यावर टीका झाली. अखेरीस पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून त्यांनी आपली साधना चालविली. १९६७ मध्ये ते निवर्तले. त्यांची बरीच चित्रे आज गोव्यातील पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत.

दिवसभर साड्यांच्या घड्या घालणाऱ्या स्त्रीला साडी नेसलेल्या मरियेचे चित्र दाखविले, तर देहधारणाचा अर्थ तिला वेगळा समजावून सांगण्याची फारशी गरज उरणार नाही. देवपुत्र आला तो अशाच कष्टाच्या घरी, हे ती पाहताक्षणी ओळखील.

म्हणून धर्मशिक्षकांनी आगमनकाळात घरभेटीस जाताना भिंतीवरील चित्राकडे प्रथम लक्ष द्यावे. ते कोणाचे आहे, कोणत्या सणाचे आहे, हे घरच्या मुलांस विचारावे. त्या प्रसंगाचा शुभवर्तमानातील उतारा तेथेच वाचावा आणि चित्रासमोर दिवा लावून कुटुंबासह प्रार्थना करावी. रात्रपाळीचा माणूस सकाळी परतेल तेव्हा त्याची मुले त्याला ते चित्र समजावून सांगतील. त्याच्या घरी नाताळ तेव्हा पोहोचला असे समजावे.