सात वाजताचा भोंगा आणि आपला ‘नियम’



गेल्या दशलक्षण पर्वातली गोष्ट. नात पाठशाळेतून आली आणि पाठ केलेलं मला म्हणून दाखवू लागली. माझ्या हातात मोबाईल होता. तिचं संपल्यावर मी म्हटलं, “छान हं बाळा.” ती म्हणाली, “आजी, मी मुद्दाम एक ओळ गाळली होती. तुला कळलंच नाही!”

मला फार लागलं ते. सूर्यास्ताआधी स्वयंपाकघर आवरणारी मी, पण मोबाईल मात्र रात्री अकरापर्यंत चालू. बी.कॉम. झाल्यापासून घरचा जमाखर्च वहीत लिहायची सवय आहे. त्या रात्री मोबाईलमध्येच वेळेचा हिशेब पाहिला, तर दिवसाचे ३ तास ४० मिनिटे. सामायिकाची ४८ मिनिटे काढताना मात्र माझी रोज ओढाताण!

मग आचार्य समंतभद्रांचा ‘रत्नकरंड श्रावकाचार’ पुन्हा काढला. त्यात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. दुःश्रुती म्हणजे राग, द्वेष, मद वाढवून मन गढूळ करणारं ऐकणं. प्रमादचर्येत विनाकारण हिंडणंही येतं. बोटाने पडद्यावर हिंडणं त्याहून वेगळं काय?

पण मला जास्त आवडला तो पुढचा भाग. भोगोपभोगाचं परिमाण सांगताना आचार्य यम आणि नियम असे दोन भेद करतात. यम जन्मभराचा, नियम ठराविक काळापुरता. भोजन, वाहन, अंथरूण, दागिने यांच्याबरोबर त्यांनी संगीत आणि गीतही घेतलं आहे. आज, दिवसभर, रात्रभर, पंधरवडा, महिना, ऋतू किंवा सहा महिने, जेवढं झेपेल तेवढ्या मुदतीसाठी सोडा, असं ते सांगतात. म्हणजे करमणुकीला वेळेची वेस घालणं आपल्याकडे शेकडो वर्षांपासून आहे.

आमच्या पिढीत ही वेस आपोआप पडायची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. आमच्याकडे टीव्ही आला तेव्हाही रात्री कार्यक्रम संपले की पडदा बंद. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं. तेवढा वेळ गुलमंडीवर सामसूम असायची आणि मालिका संपली की पुन्हा वर्दळ. उरलेला रविवार आपलाच असे.

आता शेवटच येत नाही. बोट सरकवत राहा, खालून नवीन येतच राहतं. ही युक्ती २००६ साली अझा रॅस्किन या तरुणाने काढली. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. ताटात वाढणारा थांबतच नाही, तेव्हा ‘पुरे’ जेवणाऱ्यानेच म्हणायचं असतं.

असं ‘पुरे’ एका अख्ख्या गावाने म्हटलं. सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. वस्ती सुमारे ३,०००. करोनात मुलांच्या हाती शाळेसाठी मोबाईल आले आणि शाळा उघडल्या तरी सुटेनात. वर्गात लक्ष लागेना, अशी शिक्षकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांनी विषय काढला आणि १४ ऑगस्ट २०२२ च्या महिलांच्या सभेत निर्णय झाला. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. टीव्ही, मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला लोकांना हसू आलं. मग शिक्षक आणि ग्रामपंचायतीची माणसं घरोघर फिरली.

या गावाने मोबाईल कायमचा टाकला नाही, दीड तासाची मुदत घातली. आचार्यांच्या भाषेत हा यम नव्हे, नियम. आणि मुलांबरोबर मोठेही त्यात बसले. मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. आपण मोबाईल बघत नातवंडांना “ठेव तो” म्हणायचं, हे कसं चालेल?

आमच्या घरी भोंगा नाही. सातला देवघरात दिवा लागतो, तीच खूण ठरवली. दिवा लावला की सगळ्यांचे मोबाईल कपाटावरच्या डब्यात, साडेआठपर्यंत. परगावी असलेल्या मुलीला सांगून ठेवलंय, निकडीचं असेल तर घरच्या फोनवर कर. पहिले चार दिवस माझाच हात सारखा डब्याकडे जायचा. यजमान तर घड्याळ बघत बसायचे. एकदा माझा नियम मोडलाही. तो वहीत तसाच लिहून ठेवला आहे, कारण खोटा हिशेब मला जमत नाही.

या चातुर्मासात तुम्हीही एखादा नियम घेऊन बघा. अर्धाच तास घ्या, पण मुदत ठरवून आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून.

नात आता रोज त्या वेळात पाठ म्हणून दाखवते. परवा तिने पुन्हा एक ओळ गाळली. या वेळी मी पकडली.