हेमंतातले दान : नाणेघाट आणि हिवाळी डोंगरयात्रा

डिसेंबर उजाडला की पुण्याहून ट्रेकर्सच्या गाड्या पेठ-अवसरी घाट ओलांडून नारायणगाव, जुन्नरमार्गे घाटघरच्या पठाराकडे निघतात. आपल्याकडे हिमवर्षाव नाही. पहाटेची थंडी, स्वच्छ आकाश आणि कोरड्या डोंगरवाटा हीच आपली हिवाळ्याची मौज. नाणेघाट मात्र या ऋतूत हौसेखातर चढला जाऊ लागला, त्याच्या कितीतरी आधी कामासाठी चढला जात होता.

घाटमाथ्यावरील लेण्यात नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची व दक्षिणेची मोठी जंत्री येते : गायी, हत्ती, कार्षापणे. समोरच्या भिंतीवरील राजपरिवाराच्या प्रतिमांची आता जेमतेम पावले उरली आहेत. बहुतेक जण एवढे पाहून बाहेरच्या ‘जकातीच्या रांजणा’शी छायाचित्र काढतात. (लेखाच्या वाचता येणाऱ्या भागात जकातीचा उल्लेखही नाही, हे जाता जाता.)

मला अधिक बोलका वाटतो तो येथील एक लहानसा लेख. वासिष्ठीपुत्र सातकर्णी या राजाच्या 13व्या वर्षी, हेमंताच्या पाचव्या पंधरवड्यात, एका गृहस्थाने पाण्याची ‘पोढी’, म्हणजे टाके, दान दिले. त्या काळी वर्षाचे ग्रीष्म, वर्षा आणि हेमंत असे तीनच ऋतू मोजत आणि प्रत्येकाचे आठ पंधरवडे धरत. हेमंताचा पाचवा पंधरवडा म्हणजे ढोबळमानाने आपला पौष-माघ. नेमके आजच्या ट्रेकिंगचे दिवस. आणखी एका टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव आहे. सोपारा हे तेव्हाचे भरभराटीचे बंदर, आजचे नालासोपारा.

घाटात पाणी देण्यास हिवाळाच का निवडला असेल? लेख कारण सांगत नाही. पण ऋतुचक्र पाहावे. पावसाळ्यात वाट निसरडी आणि समुद्रही खवळलेला. रोमन लेखक प्लिनी सांगतो, की परतीची जहाजे भारतातून डिसेंबरात, उशिरात उशिरा 13 जानेवारीपूर्वी सुटत. म्हणजे देशावरचा माल त्याआधी घाट उतरून कोकणात पोहोचणे भाग होते. उतरवून घेतलेला माल घेऊन वर चढणारेही याच महिन्यांत चालत असणार. ओझी वाहणाऱ्या त्या माणसांची व जनावरांची नावे कोणी कोरली नाहीत. त्यांच्या तहानेची नोंद तेवढी टाक्यांवर राहिली.

लेण्यात मुक्काम करून लेखाच्या भिंतीशीच चूल मांडणारे अजूनही भेटतात. काजळी अक्षरांत बसते आणि आधीच झिजलेला लेख आणखी अवाचनीय होतो. शेकोटीला बाहेर अख्खे पठार मोकळे आहे.