१४. कूप

१४. कूप : वनखात्याच्या कार्य आयोजनेनुसार एका वर्षात तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. आवर्तन ४० वर्षांचे असेल, तर जंगलाचे ४० कूप पाडतात आणि दर वर्षी एकच तोडतात. शेवटचा तुटेपर्यंत पहिला पुन्हा तोडीस येतो. येथे उल्लेख आहे तो डहाणू-जव्हारचा मुलूख (पूर्वी ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर) पानझडी जंगलाचा. तेथील साग, ऐन, धावडा ही झाडे उसाच्या खोडव्याप्रमाणे बुंध्यातून पुन्हा फुटतात. म्हणून घाव जमिनीलगत आणि तिरपा घालतात, म्हणजे खुंटावर पाणी साचून तो कुजत नाही. बियांसाठी काही उत्तम झाडे राखून ठेवतात. तोडीनंतर कोवळे फुटवे गुरांनी खाऊ नयेत म्हणून कूप काही वर्षे चराईला बंद असतो. ही राखण सुटली किंवा आवर्तन संपण्याआधीच कुऱ्हाड चालली, तर खुंट दुबळे होतात आणि जंगल विरळ होत जाते.

पूर्वी कूप लिलावात ठेकेदार घेत आणि वारली मजुरांना अत्यल्प मजुरी देत. १९४५ साली सुरू झालेल्या वारली आंदोलनात या मजुरीचा प्रश्नही होता. १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या स्थापन होऊ लागल्या आणि कूप त्यांच्याकडे सोपवले जाऊ लागले. पुढे मजकुरात येणारी ‘सोसायटी’ ती हीच.