परळहून निघालेली सुई

पहिल्या पावसात ठाकरणी शेवळं घेऊन कळंबला आल्या, की आईचा दिवस त्यातच जायचा. शेवळं निवडायची, घशाला खाजू नयेत म्हणून काकडं घालायची, सोबत तांदळाची भाकरी. त्या वर्षी भाजी मी केली. आईनं एक घास घेतला आणि ताट सारलं. "लोखंड चावल्यासारखं लागतंय गं. पाणीसुद्धा."

किमोची दुसरी खेप झाली होती. जिभेवरच्या रुचिकलिकांच्या पेशी साधारण दहा दिवसांत नव्या होतात. भराभर वाढणाऱ्या पेशींवर चालून जाणारं औषध त्यांनाही सोडत नाही.

कळंबहून रिक्षानं नेरळ, पुढे लोकलनं दादर आणि मग परळ, 1941 साली सुरू झालेलं टाटा कॅन्सर रुग्णालय. तिथल्या रांगेत कुणीतरी ॲक्युपंक्चरचं नाव काढलं. डॉक्टरांना विचारून, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून आम्ही ते घेतलं. मनगटाच्या आतून, घडीपासून तीन बोटं वर, केसासारखी बारीक सुई.

ही सुई आपल्याकडे आली कशी, ते शोधताना मी पुन्हा परळलाच पोचले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस परळच्याच सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. 1938 साली काँग्रेसनं युद्धातल्या जखमींवरच्या उपचारासाठी चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांत ते होते, नागपूरचे चोळकर होते, कलकत्त्याचे बिजयकुमार बसू होते. कोटणीस 1942 साली तिथेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. शांतारामांच्या 1946 च्या चित्रपटानं ते घरोघरी पोचले. बसूंचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. 1958 साली ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. परक्या जखमींसाठी गेलेल्या पथकाच्या ओळखीतूनच ही विद्या इकडे आली.

महाराष्ट्रानं 2015 च्या कायद्यानं या उपचाराला मान्यता दिली. म्हणून सुई टोचणाऱ्याची नोंदणी आधी विचारावी. किमोनंतरच्या मळमळीवर ती उपयोगी पडते, असा निर्वाळा अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळानं 1997 सालीच दिला. चवीवरचे प्रयोग लहान आहेत, निष्कर्षही एकसारखे नाहीत.

आईची मळमळ उतरली. चव परतायला किमो संपून तीन महिने लागले. ती सुईनं आली की दिवसांनी, याचा दावा मी करणार नाही. पण त्या दिवसांत सुईमुळे दोन घास पोटात राहिले. ते घास मी बसूंच्या नावानं मोजते.