मोसमी वाऱ्यानें पिकविलेला दाणा

मराठींत कॉफीच्या बीला एके काळीं 'बुंददाणा' म्हणत. शब्द अरबी 'बुन्न'पासून आला आणि माल येमेनच्या मोखा बंदरांतून. रुजण्याजोगी बी देशाबाहेर जाऊं नये असा तेथील व्यापाऱ्यांचा कटाक्ष असे. तरीही बाबा बुदन या सूफी साधूनें सतराव्या शतकांत हजहून परततांना सात दाणे लपवून आणिले व चिकमगळूरजवळच्या डोंगरांत लाविले, अशी परंपरा आहे. तो डोंगर आजही त्याच्याच नांवानें ओळखला जातो. मोठाले मळे मात्र एकोणिसाव्या शतकांतले, आणि ते बहुतांशीं इंग्रजांनीं घातलेले.

या दाण्याची खरी नवलकथा डोंगरांत नव्हे, समुद्रावर घडली. शिडाचीं जहाजें आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून युरोपास पोंचत, तोंवर कित्येक महिने लोटत. लांकडी तळघरांतील गोणींना दमट खारी हवा लागे. हिरवट दाणा फुगून फिकट सोनेरी होई आणि त्याची आंबूस तीक्ष्णता जाऊन चव सौम्य, दाट, कांहींशी मातकट बने. शुद्ध व्यापारी दृष्टीनें पाहिलें तर हा माल बिघडलेलाच. पण गिऱ्हाइकाची जीभ त्याच बिघाडाला सरावली!

१८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला. पुढें आगबोटींनीं प्रवास आठवड्यांवर आणिला आणि दाणा हिरवाच उतरूं लागला. जुन्या गिऱ्हाइकांना तो रुचेना. पेढ्यांपुढें पेंच पडला : माल ताजा, तोच दोष! तेव्हां जहाजांत जें आपोआप होई, तें किनाऱ्यावर मुद्दाम घडविण्यांत आलें.

साल न काढतां अख्खें फळ वाळवून काढलेले दाणे जूनपासून सप्टेंबरपर्यंत मंगळूरकडील उघड्या बाजूंच्या कोठारांत जमिनीवर पसरतात. थर वरचेवर दांताळ्यानें हलवावा लागतो, नाहींतर बुरशी धरते. मग सैल विणीच्या गोण्या भरून त्या अंतराअंतरानें रचतात, म्हणजे मोसमी वारा मधून खेळतो. गोण्या पुनःपुन्हां रित्या करून भराव्या लागतात. न फुगलेला दाणा शेवटीं वेंचून काढतात. असें हें काम तीन-चार महिने चालतें. एवढ्या खटपटीला नुसतें हवामान पुरत नाहीं, मजुरांचे हात लागतात.

२००७-०८ मध्यें या मालास भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षण मिळालें. झाड कोडगु-चिकमगळूरचें, राबणूक मंगळूरची; नांव तेवढें मलबारचें.