‘डॉट इन’ची जुहूतली वर्षं

ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी एक टिपण काढलं आणि इंटरनेटवरच्या नावांची शेपटं ठरली. सरकारला गव्ह, लष्कराला मिल, शिक्षणसंस्थांना ईडीयू, धंद्याला कॉम आणि कशातच न बसणाऱ्यांना ऑर्ग. देशांच्या बाबतीत मात्र त्यांनी शहाणपणा केला: दोन अक्षरी खुणांची आंतरराष्ट्रीय यादी तयार होती, तीच उचलली. देश कुणाला म्हणायचं हा तंटा दुसऱ्यांच्या गळ्यात. भारताला ‘आयएन’ मिळालं ते त्या यादीतून.

मे १९८९ मध्ये डॉट इनची नोंद झाली आणि त्याचा कारभार मुंबईत जुहूच्या ‘एनसीएसटी’ या सॉफ्टवेअर संशोधनसंस्थेकडे आला. तेव्हा इथलं इंटरनेट म्हणजे संशोधनसंस्थांना जोडणारं ‘अर्नेट’. सामान्य माणसाला ते विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला दिलं. पण पुढेही डॉट इनचं दार किलकिलंच राहिलं. थेट ‘नाव डॉट इन’ मिळत नसे. मध्ये वर्ग हवाच, कंपनीला सीओ, विद्यापीठाला एसी. नियम कडक, म्हणून २००४ पर्यंत नावं भरली जेमतेम सात हजार. डॉट कॉमवाले काहीच विचारत नव्हते. पैसे भरा, नाव घ्या. आपले व्यापारी तिकडे गेले यात नवल नाही.

२००५ मध्ये कारभार ‘निक्सी’ (नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया) या संस्थेकडे आला आणि थेट नावं सगळ्यांना खुली झाली, अगदी परदेशातल्यांनाही. म्हणजे डॉट इन हा भारतीय असल्याचा दाखला नव्हे. दुकानं आणि भागीदारी पेढ्यांसाठी ‘फर्म डॉट इन’ असाही एक वर्ग आहे. कल्पना चांगली, पण तो वापरणारं दुकान मला क्वचितच दिसतं.

मग आज कुठलं शेपूट घ्यावं? समजा, सांगलीच्या एखाद्या हळदीच्या पेढीचं गिऱ्हाईक देशातलंच असेल, तर माझं मत साध्या डॉट इनला. ‘सीओ डॉट इन’ त्या जुन्या नियमांची उरलेली सवय आहे. फोनवर सांगताना दोनदा सांगावं लागतं. माल परदेशात जाणार असेल तर डॉट कॉमही घ्यावं. आणि तेच नाव डॉट कॉमवर त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कुणाचं असेल, तर शेपूट नको, नावच बदला. लोकांची बोटं सवयीनं कॉमकडे वळतात आणि ऑर्डर शेजाऱ्याला जाते.

ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळतं, मराठीसह. पाटीवर ते झकास दिसतं, पण देवनागरी ईमेल पत्ता अजून पुष्कळ फॉर्म नाकारतात, तेव्हा बिलावर रोमन पत्ता लागतोच. नाव कुठलंही घ्या, ते मुदतीपुरतंच मिळतं. पहिल्या वर्षाच्या सवलतीपेक्षा दुसऱ्या वर्षाचा दर आधी विचारा, आणि नोंदणी वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या नव्हे, पेढीच्या नावावर करा.