मुंबईच्या संग्रहालयाचीं सोळा वर्षें

कोनशिला आणि द्वारोद्घाटन या दोन समारंभांच्या दरम्यान जें घडतें तेंच कोणत्याहि संग्रहालयाचें खरें चरित्र होय. परंतु वर्तमानपत्रें त्या दोन दिवसांपलीकडे सहसा पाहत नाहींत. मुंबईच्या 'प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम'ची (इ. स. १९९८ पासून हें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नांवानें ओळखलें जातें) कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजीं बसली, आणि दार उघडलें १० जानेवारी १९२२ रोजीं. या सोळा वर्षांच्या दिरंगाईबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. आमचें मत निराळें आहे.

मुळांत नागरिकांस हवें होतें तें युवराजांच्या भेटीचें स्मारक. वस्तु जमल्या म्हणून घर बांधावें, हा झाला सरळ क्रम. येथें घराचें आधीं ठरलें! १९०७ सालीं सरकारनें जागा दिली, १९०९ सालीं नकाशांची स्पर्धा होऊन जॉर्ज विटेट याची योजना पसंत पडली, व सर करीमभाई इब्राहीम यांच्यासारख्या धनिकांनीं हात सैल सोडला. विटेटनें कुर्ल्याचा पिवळसर दगड घेतला, घुमटासाठीं विजापूरकडे पाहिलें, आणि नाशिकच्या एका वाड्याचें कमानदार लांकडी काम आणून आंत बसविलें. ज्या वाड्यांकडे त्या काळीं आमचेच लोक पाठ फिरवीत होते, त्यांतील एकाची किंमत या परक्या शिल्पकारास कळली, हें मराठी वाचकांनीं विसरूं नये.

१९१४ सालीं इमारत उभी राहिली, आणि त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. मूर्ति ठेवावयाच्या तेथें जखमी शिपाई आले. लष्करी रुग्णालय, बालकल्याणाचें केंद्र, अशा नाना उपयोगांनंतर ती वास्तु १९२० सालीं व्यवस्थापक मंडळाच्या हातीं आली.

पण समजा, १९१४ सालींच दार उघडलें असतें, तर प्रेक्षकांनीं काय पाहिलें असतें? पुराणवस्तूंची तूट नव्हती. सिंध तेव्हां मुंबई इलाख्यांत होता, आणि तेथील मीरपूर खास येथें हेन्री कझिन्स यानें १९०९-१० मध्यें खणलेल्या स्तूपांतून भाजलेल्या मातीच्या सुंदर बुद्धमूर्ति निघाल्या होत्या. कलाविभागाचा पाया मात्र ज्या संग्रहानें घातला, तो शेट पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह मिळाला १९१५ सालीं, म्हणजे युद्ध चालूं असतांना. त्यांतील कांहीं वस्तु एके काळीं नाना फडणिसांच्या खाजगी संग्रहांत होत्या. पेशवाईच्या कारभाऱ्याकडून गुजराती व्यापाऱ्याकडे आणि त्याच्याकडून सार्वजनिक दालनांत, असा या वस्तूंचा प्रवास आहे. बखरींत रस घेणाऱ्या आमच्या इतिहासकारांनीं तो अजून नीटसा लिहिलेला नाहीं. पुढें सर रतन टाटा १९१८ सालीं इंग्लंडांत वारले, आणि त्यांनीं हौसेनें जमविलेला कलासंग्रह १९२१ सालीं संग्रहालयाकडे आला. सारांश, इमारत जेव्हां रुग्णांनीं भरली होती, तेव्हांच तिचें संग्रहालय होत होतें.

उरलीं दोन वर्षें मांडणीचीं. हें काम दिसावयास हलकें, पण करावयास जड. रुग्णालयाच्या दालनास उजेड पुरेसा असला म्हणजे झालें. लघुचित्रास तोच उजेड फार झाला तर रंग उडतात. कोणत्या वस्तूशेजारीं कोणती ठेवावी, आणि चिठ्ठीवर तिचें नांव काय लिहावें, हा तर विद्वत्तेचाच प्रश्न होय.

उद्घाटनाची वेळहि पहावी. ज्या युवराजांच्या हस्ते कोनशिला बसली, ते १९१० पासून सम्राट् पंचम जॉर्ज झाले होते. त्यांचा पुत्र १७ नोव्हेंबर १९२१ रोजीं मुंबईस उतरला, तेव्हां शहरांत बहिष्कार व दंगल होऊन रक्त सांडलें. त्यानंतर दोन महिने होण्यापूर्वींच युवराजांच्या नांवाच्या या वास्तूचें दार उघडण्यांत आलें, तें गव्हर्नरांच्या पत्नी लेडी लॉइड यांच्या हस्ते. सर दोराब टाटा यांचा संग्रह १९३३ सालीं आला, तोंवर ते स्वतःहि हयात नव्हते.